जुन्या औषधांचे नवे उपयोग : यंत्र-अध्ययनाची पद्धत आणि तिची कसोटी

प्रास्ताविक

एखाद्या रोगासाठी तयार केलेले औषध दुसऱ्याच रोगावर उपयुक्त ठरल्याची उदाहरणे औषधशास्त्राच्या इतिहासात विपुल आहेत. उच्च रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिलने रुग्णांच्या अंगावरील केस वाढू लागले आणि पुढे तेच औषध टकलावर लावण्यासाठी बाजारात आले. कर्करोगावर उपयोगी पडेल या आशेने १९६४ मध्ये तयार केलेले ॲझिडोथायमिडिन त्या कामी निरुपयोगी ठरले; तेच १९८७ मध्ये एड्सवरील पहिले मान्यताप्राप्त औषध झाले. हृदयशूळावर उपाय म्हणून फायझर कंपनीने अभ्यासलेले सिल्डेनाफिल १९९८ मध्ये पुरुषांमधील लैंगिक दुर्बलतेवर आणि २००५ मध्ये फुप्फुसधमनीच्या उच्च रक्तदाबावर मान्य झाले. या प्रक्रियेला औषधांचे 'पुनर्योजन' असे म्हणता येईल.

पुनर्योजनाचे आकर्षण स्पष्ट आहे. नवे औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचण्यास सामान्यतः दहा ते पंधरा वर्षे लागतात आणि बहुसंख्य रेणू वाटेतच बाद होतात. जे औषध आधीच हजारो रुग्णांना दिले गेले आहे, त्याची योग्य मात्रा, शरीरातील प्रवास आणि दुष्परिणाम ज्ञात असतात. हजारो दुर्मिळ रोगांपैकी बहुसंख्य रोगांवर आज एकही मान्यताप्राप्त औषध नाही आणि त्या प्रत्येकासाठी नवा रेणू घडविला जाईल अशी शक्यताही नाही. अशा रुग्णांच्या दृष्टीने औषधविक्रेत्याच्या फळीवर आधीच असलेल्या औषधांमध्ये उत्तर शोधणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

आजवरची बहुतेक पुनर्योजने योगायोगाने झाली. गेल्या दोन दशकांत मात्र हा शोध पद्धतशीरपणे घेण्यासाठी 'मशीन लर्निंग' अर्थात यंत्र-अध्ययनाचा वापर वाढत गेला आहे. ही पद्धत नेमके काय करते, तिच्या कौलावर कितपत विसंबता येते आणि तो कौल खरा ठरला तरी पुढे काय अडते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योगायोग आणि त्यामागील तर्क

योगायोग हा शब्द येथे थोडा सावधपणे घ्यावयास हवा. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आले आणि गर्भवतींनी ते घेतल्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक अर्भके गंभीर व्यंगांसह जन्मल्यानंतर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर जेरुसलेम येथील डॉक्टर जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगातील तीव्र दाहक प्रतिक्रियेच्या वेदनांनी झोप न येणाऱ्या रुग्णाला हे औषध केवळ झोपेसाठी दिले. रुग्ण झोपला, शिवाय त्याच्या त्वचेवरील गाठीही ओसरल्या. अमेरिकेत १९९८ मध्ये कुष्ठरोगातील या प्रतिक्रियेसाठी आणि २००६ मध्ये मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी थॅलिडोमाइडला मान्यता मिळाली. शेस्किन यांना गाठी ओसरलेल्या दिसल्या हा योगायोग. परंतु औषध दाहाच्या ज्या साखळीत हस्तक्षेप करीत होते, ती साखळी अनेक रोगांत समान आहे, हा योगायोग नव्हे. शरीरातील प्रथिने मर्यादित आहेत, रोग मात्र अनेक. तीच प्रथिने निरनिराळ्या रोगांत भाग घेतात आणि बहुतेक औषधे एकाऐवजी अनेक प्रथिनांना चिकटतात. पुनर्योजन शक्य होते ते या दोन कारणांमुळे.

हा तर्क वाचनातून पुढे नेता येतो, हे संगणकाच्या आजच्या वापराच्या बरेच आधी शिकागो विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक डॉन स्वॉनसन यांनी दाखवून दिले. थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आक्रसणाऱ्या रेनॉ विकारात रक्ताची चिकटता आणि रक्तपट्टिकांचे एकमेकींना चिकटणे वाढलेले असते, असे एका संशोधनसमूहाचे लेख सांगत होते. माशाच्या तेलाने या दोन्ही गोष्टी कमी होतात, असे दुसऱ्या समूहाचे लेख सांगत होते. हे दोन समूह परस्परांचे लेखन वाचत नव्हते. स्वॉनसन यांनी १९८६ मध्ये दोन्ही जोडून माशाचे तेल रेनॉ विकारावर उपयुक्त ठरावे, असे अनुमान मांडले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय चाचणीत या विकाराच्या प्राथमिक प्रकारात त्याला पुष्टी मिळाली. एखाद्या ग्रंथालयातच उपचार दडलेला असू शकतो, ही कल्पना पुनर्योजनाच्या संपूर्ण संगणकीय परंपरेचा पाया आहे. स्वॉनसन यांनी जे दोन शेल्फांबाबत केले, ते लक्षावधी लेखांबाबत करावयाचे तर मनुष्याचे वाचन अपुरे पडते, एवढाच काय तो फरक.

यंत्राला काय शिकविले जाते

यंत्र-अध्ययनात संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. उदाहरणे दिली जातात व त्यांतील आकृतिबंध त्याने स्वतः शोधावा अशी रचना केली जाते. पुनर्योजनाच्या क्षेत्रात ही उदाहरणे मुख्यत्वे तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार जनुकांच्या वर्तनाचा. रोगग्रस्त ऊतीत काही जनुके अधिक सक्रिय, तर काही मंद झालेली असतात. औषध दिलेल्या पेशींतही असाच एक ठसा उमटतो. औषधाचा ठसा रोगाच्या ठशाच्या नेमका उलट असेल, तर ते औषध त्या रोगावर उपयोगी पडण्याचा संभव आहे, असे हा विचार मानतो. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये १६४ रेणूंपासून अशा ठशांचा संग्रह सुरू केला आणि २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक नोंदींवर गेला. एवढ्या नोंदी परवडाव्यात म्हणून प्रत्येक वेळी फक्त ९७८ जनुके प्रत्यक्ष मोजली जातात व इतरांचे वर्तन संगणकीय अनुमानाने काढले जाते. म्हणजे या संग्रहातील पुष्कळसा भाग मोजलेला नसून अनुमानित आहे, ही गोष्ट त्याचे निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवणे इष्ट होय.

दुसरा प्रकार रेणूच्या रचनेचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटाने २,३३५ रेणूंपैकी कोणते ई. कोलाय या जिवाणूची वाढ रोखतात हे प्रयोगाने ठरविले आणि ती उदाहरणे एका न्यूरल नेटवर्कला शिकविली. नंतर त्याच नेटवर्कला मनुष्यावरील उपयोगासाठी अभ्यासलेल्या सहा हजारांहून अधिक रेणूंचा संग्रह दाखविला. यंत्राने अग्रक्रम दिलेल्या ९९ रेणूंपैकी ५१ प्रयोगशाळेत खरोखरच जिवाणूरोधक ठरले. त्यांपैकी एक रेणू पूर्वी मधुमेहाच्या संदर्भात अभ्यासला गेला होता. प्रचलित प्रतिजैविकांशी त्याचे रचनासाम्य अल्प होते. त्याला 'हॅलिसिन' असे नाव देऊन २०२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. क्षयाच्या जिवाणूसह अनेक रोगजंतूंवर तो परिणामकारक दिसला. मात्र स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर त्याचा प्रभाव पडला नाही. हे यश उंदरांपर्यंतचे आहे, हेही सांगितले पाहिजे.

तिसरा आणि सध्या सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे 'नॉलेज ग्राफ', अर्थात ज्ञानजाल. औषध, रोग, जनुक, प्रथिन, लक्षण, दुष्परिणाम या प्रत्येकासाठी जाळ्यात एक बिंदू असतो आणि ज्ञात संबंध हे त्यांना जोडणारे दुवे असतात. 'हे औषध या प्रथिनाला रोखते', 'हे प्रथिन या रोगात वाढते' अशी विधाने प्रयोगांच्या सूचींतून, तसेच शोधनिबंधांच्या मजकुरातून संगणकाकरवी उचलली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत डॅनियल हिमेलस्टाइन व सहकाऱ्यांनी रचलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेटिओनेट' या जालात ४७,०३१ बिंदू आणि साडेबावीस लाख दुवे होते. यंत्राचे काम हे की, ज्ञात औषध-रोग जोड्या जाळ्यात कशा प्रकारच्या वाटांनी जोडल्या गेल्या आहेत हे शिकावयाचे आणि तशाच वाटा असूनही थेट दुवा नसलेल्या जोड्या पुढे ठेवावयाच्या. स्वॉनसन यांचीच ही रीत, प्रचंड विस्ताराने.

येथे एक अंकगणिती अडचण उद्भवते आणि या विषयावरील उत्साही लेखनात तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. हेटिओनेटच्या आधारे २,०९,१६८ औषध-रोग जोड्यांचे मूल्यमापन केले गेले. त्यांत ज्ञात व खरोखर रोगावर परिणाम करणारे उपचार म्हणून शिकविण्यास घेतलेल्या जोड्या होत्या केवळ ७५५. समजा, उरलेल्या जोड्यांत आणखी ५०० जोड्या उपयुक्त पण अज्ञात आहेत. एखादी प्रणाली उपयुक्त जोड्यांपैकी ९० टक्के अचूक ओळखते आणि निरुपयोगी जोड्यांपैकी फक्त एक टक्का चुकून निवडते, असेही समजू. कागदावर ही कामगिरी उत्कृष्ट होय. तरीही ती ४५० खऱ्या जोड्यांबरोबर सुमारे २,०८० खोट्या जोड्या हाती देईल. म्हणजे तिच्या दर पाच शिफारशींपैकी चार चुकीच्या असतील. गवताची गंजी एवढी मोठी असली की सुई ओळखण्यात थोडीशी चूकही महागात पडते. म्हणूनच 'आमच्या प्रणालीची अचूकता अमुक टक्के' हे विधान एकटे वाचून काहीच कळत नाही. अग्रक्रमाने निवडलेल्या जोड्यांपैकी किती प्रयोगात टिकल्या, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. हॅलिसिनच्या संशोधनातील ९९ पैकी ५१ हा आकडा त्यामुळेच बोलका ठरतो.

दुसरी अडचण नकारात्मक उदाहरणांची. 'हे औषध या रोगावर चालत नाही' अशा नोंदी फार थोड्या उपलब्ध असतात, कारण फसलेले प्रयोग क्वचितच प्रसिद्ध होतात. मग ज्या जोड्या कधी तपासल्याच गेल्या नाहीत, त्यांनाच अनेकदा 'निरुपयोगी' म्हणून शिकविले जाते. ज्यांतून नवा उपयोग निघावयाचा, त्याच जोड्या यंत्राला चूक म्हणून दाखविल्या जातात, असा हा विरोधाभास आहे.

बॅरिसिटिनिबचे प्रकरण

या पद्धतीचे सर्वांत पूर्णपणे तपासले गेलेले उदाहरण म्हणजे कोविड-१९ साठी बॅरिसिटिनिबची निवड. ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण संगणकीय अनुमानापासून हजारो रुग्णांवरील चाचण्यांपर्यंतची साखळी येथे अखंड उपलब्ध आहे.

बॅरिसिटिनिब हे ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरील तोंडाने घ्यावयाचे औषध. ते जॅनस कायनेज या विकरांना रोखून दाह कमी करते. युरोपीय संघात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली होती. जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाल्यानंतर लंडनस्थित बेनेव्होलंट-एआय या कंपनीतील पीटर रिचर्डसन व सहकाऱ्यांनी कंपनीच्या ज्ञानजालाला एक नेमका प्रश्न विचारला. विषाणू फुप्फुसातील पेशींत शिरतो तो पेशीच्या पटलाने त्याला आत ओढून घेतल्यामुळे. तर ही आत ओढण्याची क्रिया नियंत्रित करणारी प्रथिने कोणती आणि त्यांना रोखणारी मान्यताप्राप्त औषधे कोणती? उत्तरात एएके-१ हे कायनेज पुढे आले. त्याला रोखणारे ३७८ रेणू जालात होते. त्यांपैकी ४७ वैद्यकीय वापरासाठी मान्य झालेले आणि त्यांतही सहाच तीव्रतेने रोखणारे. या सहांपैकी सुनिटिनिब व एर्लोटिनिब यांसारखी कर्करोगावरील औषधे एएके-१ ला रोखण्यासाठी एवढ्या मोठ्या मात्रेत द्यावी लागली असती की त्यांचे दुष्परिणाम असह्य ठरले असते. बॅरिसिटिनिबची संधिवातासाठीची नेहमीची दोन ते चार मिलिग्रॅमची दैनिक मात्रा मात्र पुरेशी वाटत होती. शिवाय ते दाहही कमी करणारे, आणि इतर औषधांशी त्याची आंतरक्रिया अल्प. ४ फेब्रुवारी २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये हे अनुमान एका छोट्या पत्राच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले.

या प्रक्रियेत यंत्राचा वाटा कोणता आणि मनुष्याचा कोणता, हे पाहणे उद्बोधक आहे. मजकुरातून संबंध उचलून जाळे विणणे, हजारो रेणूंमधून चाळणी लावणे हे यंत्राचे काम. प्रश्न कोणता विचारावा, कोणत्या पायरीवर चाळणी कशी बदलावी, मात्रा सहन होईल का, हे औषधशास्त्र जाणणाऱ्या माणसांनी ठरविले. वर्तमानपत्रांतील 'संगणकाने औषध शोधले' हा मथळा त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

अनुमान प्रसिद्ध होताच शंकाही उपस्थित झाल्या. जॅनस कायनेज रोखल्याने इंटरफेरॉनचे विषाणूविरोधी कार्यही दबेल आणि रुग्णाचे नुकसान होईल, अशी हरकत काही संधिवाततज्ज्ञांनी घेतली. ती निराधार नव्हती. तिचा निर्णय चाचण्यांनीच होणे शक्य होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेने घेतलेल्या, १,०३३ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीत रेमडेसिव्हिरबरोबर बॅरिसिटिनिब घेणाऱ्यांना बरे होण्यास मध्यकाने ७ दिवस लागले, तर केवळ रेमडेसिव्हिर घेणाऱ्यांना ८ दिवस. ज्यांना उच्च प्रवाहाचा प्राणवायू किंवा नळी न घालता कृत्रिम श्वसन द्यावे लागत होते, त्यांच्या बाबतीत हे अंतर १० दिवस विरुद्ध १८ दिवस एवढे मोठे होते. अमेरिकेत या आधारे नोव्हेंबर २०२० मध्ये आपत्कालीन वापरास अनुमती मिळाली. दुसऱ्या चाचणीत १,५२५ रुग्ण होते. रोग बळावण्याचे प्रमाण कमी होते का, या तिच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक आले नाही. मात्र २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत ८,१५६ रुग्णांपैकी बॅरिसिटिनिब घेणाऱ्यांत १२ टक्के आणि न घेणाऱ्यांत १४ टक्के मृत्यू झाले. या रुग्णांपैकी बहुतेकांना स्टिरॉइड आधीच दिले जात होते. त्यावर पडलेली ही भर होती. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ मध्ये गंभीर रुग्णांसाठी त्याची ठाम शिफारस केली आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली.

औषध उपयोगी ठरले; पण ज्या कारणास्तव यंत्राने ते निवडले, त्याच कारणाने ते उपयोगी ठरले का? मूळ अनुमानाचा भर विषाणूचा पेशीप्रवेश रोखण्यावर होता. संवर्धित मानवी पेशींवरील काही प्रयोगांत त्याला आधार मिळाला. परंतु ऱ्हिसस माकडांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॅरिसिटिनिबने फुप्फुसातील दाह लक्षणीयरीत्या कमी केला, विषाणूचे प्रमाण मात्र घटले नाही. लाभ गंभीर अवस्थेतील रुग्णांना, म्हणजे दाहाचा उद्रेक झालेल्यांना अधिक झाला, हेही दाहशमनाच्याच बाजूचे आहे. एकूण पुराव्याचा कल पाहता बॅरिसिटिनिबचा प्रमुख लाभ त्याच्या जुन्या, ज्ञात गुणामुळेच झाला असावा. कंपनीच्या संशोधकांनी दाहशमनाचा मुद्दा आरंभापासून नोंदविला होता व फेब्रुवारी २०२० मधील दुसऱ्या पत्रात त्यावर अधिक भर दिला होता, हे त्यांच्या श्रेयाचे. तथापि उत्तर बरोबर आणि पायऱ्यांतील एक संशयास्पद, अशा या गणिताला किती गुण द्यावेत, हा प्रश्न परीक्षकाला पडावा असाच आहे. रुग्णाला त्याचे सोयरसुतक नाही. पुढच्या साथीत त्याच पद्धतीवर विसंबू पाहणाऱ्याला मात्र असले पाहिजे.

त्याच काळात डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांमधील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे 'रिकव्हरी' चाचणीतूनच जून २०२० मध्ये स्पष्ट झाले होते. साथीतील ते सर्वांत महत्त्वाचे पुनर्योजन. त्यासाठी ज्ञानजालाची गरज पडली नाही. गरज पडली ती मोठ्या, शिस्तबद्ध चाचणीची.

फसवे कौल

कोविडच्या काळात फसलेल्या पुनर्योजनांची संख्या यशस्वी पुनर्योजनांहून कितीतरी अधिक आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला अमेरिकेत मार्च २०२० मध्ये आपत्कालीन अनुमती मिळाली आणि जूनमध्ये ती रद्द झाली. परंतु त्याहून शिकण्यासारखी गोष्ट २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत पेशींमधील विषाणू रोखणारी म्हणून पुढे आलेली अनेक जुनी औषधे एकाच भौतिक गुणधर्माची होती : धनप्रभारित आणि स्निग्धप्रिय. असे रेणू पेशींत स्निग्ध पदार्थांचा साठा वाढवितात आणि त्या गोंधळात विषाणूची वाढ मंदावते. हा परिणाम बशीतल्या पेशींपुरता असतो. उंदरांत तो दिसत नाही. म्हणजे अनेक स्वतंत्र शोध वाटत होते ते एकाच भ्रमाचे अनेक आविष्कार होते. अशा प्रयोगांचे निकाल यंत्राला 'यशस्वी उदाहरणे' म्हणून शिकविले, तर यंत्र तोच भ्रम अधिक आत्मविश्वासाने परत करील.

रुग्णनोंदींवर आधारलेले कौलही असेच दगा देऊ शकतात. ओहायोतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी प्रथिनांच्या जाळ्याचे विश्लेषण करून सिल्डेनाफिल अल्झायमर रोगावर उपयुक्त ठरेल असे अनुमान काढले आणि अमेरिकेतील ७२ लाखांहून अधिक लोकांच्या विमा-नोंदींत ते पडताळले. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांत या रोगाचे प्रमाण ६९ टक्क्यांनी कमी असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण सिल्डेनाफिल मागणारा वृद्ध पुरुष हा मुळातच समवयस्कांहून अधिक निरोगी, उत्साही व डॉक्टरकडे नियमित जाणारा असण्याचा संभव आहे. दुसऱ्या गटाने पुढे हाच प्रश्न फुप्फुसधमनीच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपुरता मर्यादित करून विचारला. सर्वांना एकच आजार. काहींना सिल्डेनाफिल वर्गातील औषध, तर काहींना दुसऱ्या वर्गातील. अशी समान पातळीवर तुलना करताच फरक नाहीसा झाला. नोंदींची संख्या लाखांत असली तरी तुलना चुकीच्या माणसांशी झाली, तर संख्या त्रुटी भरून काढत नाही.

औषध सापडल्यानंतर

२०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेली हार्वर्ड येथील मारिंका झिटनिक यांच्या गटाची 'टीएक्स-जीएनएन' ही प्रणाली १७,०८० रोगांसाठी सुमारे आठ हजार औषधांमधून शिफारशी करते. ज्या रोगांवर एकही उपचार ज्ञात नाही, त्यांच्यासाठीही साधर्म्य असलेल्या रोगांवरून अनुमान करणे आणि त्या अनुमानाची वाट जाळ्यातून दाखविणे, ही तिची वैशिष्ट्ये. वाट दिसली म्हणजे डॉक्टरला ती तपासता येते. बंद पेटीतून आलेल्या आकड्यापेक्षा हे निश्चितच हितावह. तरीही ज्या रोगांवर संशोधन मुळातच कमी, त्यांच्या बिंदूंना दुवेही कमी. श्रीमंत देशांतील कर्करोगांभोवती जाळे दाट आहे आणि काळा आजार किंवा सर्पदंशाच्या भोवती विरळ. काळ्या आजारावर तोंडाने घ्यावयाचे पहिले औषध मिल्टेफोसिन हे मूळचे कर्करोगावरील संशोधनातून आलेले. भारतात २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. असे आणखी दुवे असू शकतात, परंतु जे कोणी लिहिलेच नाही ते यंत्र वाचू शकत नाही.

याहून कठीण अडथळा अर्थकारणाचा आहे. ज्या औषधाच्या पेटंटची मुदत संपली आहे, त्याच्या नव्या उपयोगासाठी चाचणीचा खर्च कोणी करावा? चाचणी एकाने करावयाची आणि विक्री सर्व उत्पादकांनी, अशी ही स्थिती. बॅरिसिटिनिबच्या वेगवान वाटचालीत ते तेव्हा पेटंटखाली होते व त्यामागे एलाय लिली ही कंपनी उभी होती, या गोष्टीचा वाटा मोठा आहे. भारतातील दुसऱ्या लाटेत मे २०२१ मध्ये त्याच कंपनीने सिप्ला, ल्युपिन व सन फार्मा या मुंबईतील कंपन्यांना उत्पादनाचे ऐच्छिक परवाने दिले. एखाद्या जुन्या, बेवारशी औषधाच्या वाट्याला असा पाठीराखा येत नाही.

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पेटंट कायद्याच्या २००५ मधील दुरुस्तीनंतरच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या केवळ नव्या उपयोगाचा शोध पेटंटयोग्य नाही. औषधांच्या किमती आवाक्यात ठेवण्याच्या दृष्टीने हे कलम मोलाचे आहे आणि ते सैल करावे असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा की, पुनर्योजनात खासगी गुंतवणुकीला येथे फारसे आमिष उरत नाही. दुसरीकडे २०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार मान्यताप्राप्त औषधाचा नवा उपयोग सुचविला गेला, तर ते औषध त्या उपयोगापुरते 'नवे औषध' गणले जाते आणि त्यासाठी पुन्हा पुरावा सादर करावा लागतो. हेही योग्यच. फक्त तो पुरावा उभा करणारी संस्था सार्वजनिक असावी लागते.

अमेरिकेत या दिशेने एक प्रयत्न चालू आहे. कॅसलमन रोगाने स्वतः अनेकदा मरणाच्या दारी जाऊन आलेले डॉक्टर डेव्हिड फायगेनबॉम यांनी आपल्या रक्ताच्या नमुन्यांचा अभ्यास करून, प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले जाणारे सिरोलिमस हे औषध २०१४ मध्ये स्वतःवर वापरले व ते टिकले. त्यांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये स्थापन केलेल्या 'एव्हरी क्युअर' या ना-नफा संस्थेला सर्व औषधे व सर्व रोग यांच्या जोड्यांचे यंत्र-अध्ययनाने मूल्यमापन करण्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकी शासनाच्या संशोधन यंत्रणेने ४ कोटी ८३ लाख डॉलर मंजूर केले.

सार्वजनिक पैशातून अशी चाचणी भारतात होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईत आहे. टाटा स्मारक केंद्राच्या राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्या सभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी देतात तेच औषध, टोचून पाहिले. देशातील अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के होते आणि दिलेल्यांत ९०.१ टक्के. लिग्नोकेनचे नाव कोणत्याही यंत्राच्या यादीतून आले नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतील पेशी विखुरतात का, या शल्यचिकित्सकांच्या प्रश्नातून ते आले. चाचणीत पहिली रुग्ण दाखल झाल्यापासून निष्कर्ष प्रसिद्ध होईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला.